सत्कार आणि दुसरा हाफ

आमच्या लीगमध्ये पगार कुणालाच नव्हता, म्हणून सत्कार सगळ्यांचा होता.

मैलूरमधल्या एका शाळेच्या मागचं मैदान रविवारी दुपारी उशिरा आम्हाला मिळायचं. त्याआधी तिथं क्रिकेटवाले असत आणि त्यांना उठवायची हिंमत कुणातच नव्हती. ते गेले की फुटबॉल. चौदा वर्षांच्या आतली मुलं-मुली, बिदरच्या वेगवेगळ्या वस्त्यांच्या टीम, आणि क्रूझर जीपमध्ये कोंबून येणारी चिटगुप्प्याची एक टीम. लीग ना कुठल्या क्लबची होती ना सरकारची. ती घरांची होती. ज्या घरचं मूल खेळतं त्या घरानं एक काम उचलायचं, बस्स. कुणी जाळ्या बांधायचे, कुणी जर्सी धुवायचे, कुणी लिंबूसरबत आणायचे. आमची पिठाची गिरणी आहे. पप्पांनी मैदानाच्या रेषा मारायचं काम घेतलं होतं. आठवडाभर ते पिठानं पांढरे असायचे आणि रविवारी चुन्यानं.

माझ्याकडे माईक आला. मी मागितला नव्हता. लीगचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे आणि ज्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, ते पहिल्याच बैठकीत पप्पांना म्हणाले, "तुमची थोरली इंग्लिश मीडियमची हाय की. तिला माईक द्या. घडाघडा बोलंल." पप्पा अभिमानानं "व्हय व्हय" म्हणाले. खरं म्हणजे इंग्लिश मीडियममध्ये मी गप्प बसायला शिकले होते, तेही तीन भाषांमध्ये. घरात मराठी, बसमध्ये कन्नड, वर्गात इंग्लिश, आणि तिन्हीकडे मी खिडकीजवळ.

पण हे माझ्याबद्दल नाही, धाकट्या बहिणीबद्दल आहे. ती एक्स्ट्रा होती.

एक्स्ट्रा म्हणजे काय ते सांगते. लीगचा एक फार चांगला नियम होता. पहिला हाफ ज्यांना खेळता येतं त्यांचा, आणि दुसऱ्या हाफमध्ये उरलेल्या सगळ्यांना घ्यायचंच, मग ते कसेही खेळोत. कुणाचंही मूल नुसतं बसून घरी जाऊ नये, असं अण्णांनी स्वतः ठरवलं होतं. दुसरा चांगला नियम असा की काम करणाऱ्यांची कदर व्हावी. त्यासाठी हाफटाइमला सत्कार. तोही अण्णांनीच ठरवला होता.

हे दोन नियम वेगवेगळ्या रविवारी सुचले असावेत.

कारण हाफटाइमला सत्कार सुरू झाले की संपत नसत. टेबल, त्यावर चादर, तिच्यावर शाली आणि नारळ. शाली तीनच होत्या. गाणगापूरला नेमानं जाणाऱ्या एका काकूंनी तिथल्या दुकानातून आणल्या होत्या. सत्कार झाला, फोटो झाला की काकू मागून येऊन शाल अलगद काढून घेत, घडी घालत आणि पुढच्या माणसासाठी टेबलावर ठेवत. हिरव्या काठाच्या शालीवर चहाचा डाग होता. ती शाल आमच्या आणि शेजारच्या गल्लीतल्या प्रत्येक माणसानं पांघरली होती, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. नारळही तेच फिरत. कानाशी धरून हलवला तर आत काही वाजायचं नाही.

मी प्रत्येकाचं नाव मराठीत घ्यायची, मग कन्नडमध्ये, मग उर्दूच्या वळणानं, कारण एखादी भाषा राहिली तर त्या घरचे रोखून बघायचे. अण्णा प्रत्येकाबद्दल थोडं बोलायचे. एवढ्यात ऊन जायचं. मैदानावर दिवे नव्हते. दुसरा हाफ सुरू होता होता अंधारायचं, बॉल दिसेनासा व्हायचा, रेफरी शिट्टी मारायचे, आणि पहिल्या हाफचा स्कोअर तोच शेवटचा स्कोअर.

म्हणजे एक्स्ट्रा मुलं खेळायचीच नाहीत. ती बूट बांधून रेषेवर उभी राहायची आणि आपल्याच आई-बापांचे सत्कार बघायची. आपल्याच, हे महत्त्वाचं. ज्यांची मुलं गोल मारायची ते पालक खुर्चीत बसून चिवडा खायचे, त्यांचं योगदान मैदानात धावत होतंच. ज्यांचं मूल बसून असायचं त्यांना वाटायचं की आपण काहीतरी करून दाखवलं पाहिजे. म्हणून नियम सगळ्या घरांना असला तरी सगळी कामं एक्स्ट्रांच्या घरांकडे होती, आणि सगळे सत्कारही.

सीझनचा शेवटचा सामना चिटगुप्प्याबरोबर होता. त्या सकाळी बहीण गिरणीच्या शटरवर बॉल मारत बसली होती. ती काही मोठी खेळाडू नव्हती. चारातले दोन बॉल शटरला लागायचे, बाकीचे शेजारच्यांच्या तुळशीला. पण पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती, आणि मोठ्या मुलींची टीम आमच्याकडे नव्हतीच. आजचा दुसरा हाफ नाही मिळाला तर एकही मिळाला नाही, असं होणार होतं.

"अक्का," ती बॉल काखेत घेऊन म्हणाली, "आज जास्त बोलू नको ग."

"मी कुठं बोलायले? अण्णा सांगतेत, मी नावं घ्यायले."

"मग नावं कमी घे. आज तुझं बोलणं झालं की माझं खेळणं गेलं."

पप्पा चुन्याचं पोतं स्कूटरवर चढवत होते. त्यांनी ऐकलं आणि पोत्याची दोरी आणखी घट्ट ओढली. आज त्यांचाही सत्कार होता. पप्पांना सत्कार आवडायचा. गिरणीत लोक त्यांना फक्त "बारीक दळा" एवढंच म्हणतात.

मैदानावर गेले तर टेबलावर शालींच्या शेजारी एक नवा कोरा भगवा फेटा ठेवलेला. अण्णा खुशीत होते. "आज खास हाय. आपल्या रेफरी सरांना फेटा बांधायचा. अख्खा सीझन माणूस पळायलाय, त्याला कुणी एक फूल दिलं न्हाई."

हे खरं होतं. रेफरी सरांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचा मुलगा केव्हाच मोठा होऊन हैदराबादला गेला होता, तरी ते दर रविवारी काळा शर्ट इस्त्री करून यायचे. हाफटाइमला सगळे टेबलाकडे गेले की ते एकटे बॉलमध्ये हवा भरत बसायचे. त्यामुळे सत्काराच्या वेळी ते कधी कुणाला दिसलेच नव्हते.

पहिला हाफ झाला. चिटगुप्पा एका गोलनं पुढं. बहिणीनं बूट बांधले आणि रेषेवर जाऊन उभी राहिली. तिच्या शेजारी बाकीचे एक्स्ट्रा. चिटगुप्प्याचे एक्स्ट्रा समोरच्या रेषेवर. आणि मी माईक हातात घेतला.

जाळ्यावाले झाले. जर्सीवाले झाले. लिंबूसरबतवाल्या मावशींच्या वेळी अण्णांनी लिंबाच्या भावाबद्दल सांगितलं. चिटगुप्प्याच्या क्रूझरचा ड्रायव्हर पाहुणा म्हणून त्याचा झाला, मग पाहुण्यांतर्फे अण्णांचा. सावल्या गोलपोस्टपासून निघून मैदानाच्या मध्यापर्यंत आल्या. बहीण माझ्याकडे बघत नव्हती. तिनं बूट सोडले आणि परत बांधले.

"पुढचं नाव घे की," अण्णा म्हणाले. "कामून थांबलीस?"

पुढचं नाव पप्पांचं होतं. ते टेबलाच्या बाजूला हात झटकत उभे होते, चुना जात नव्हता.

मी आजवर माईकवर स्वतःचं एकही वाक्य बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले, आणि भीतीनं ते इंग्लिशमध्ये निघालं. "द फेलिसिटेशन विल कंटिन्यू ड्युरिंग द सेकंड हाफ. ॲज पर रूल."

मराठीत "सत्कार चालू राहील, पण पोरांना खेळू द्या" असं म्हटलं असतं तर चार माणसं रुसली असती आणि दोघं घरी गेले असते. इंग्लिशमध्ये कोण रुसणार? अण्णा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "रूल हाय का तसा?"

"हो," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे. रूल मोडायचा न्हाई." आणि सरांकडे हात केला, "सर, मारा शिट्टी!"

दुसरा हाफ सुरू झाला. बहीण मैदानात धावत गेली आणि कुठं उभं राहायचं ते न कळून सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली.

इकडं पप्पांचा सत्कार. अण्णांनी शाल उघडली, तर पप्पांनी त्यांच्याकडे पाठ केली. मुद्दाम नाही, मैदान त्या बाजूला होतं. अण्णांनी पाठीवरच शाल घातली, नारळ खांद्यावरून पुढं दिला. त्या फोटोत अण्णा हसताहेत, आणि पप्पांचं डोकं मागून दिसतं.

पुढं काय होणार ते मला कळायला हवं होतं. नावं घेत घेत मी सरांच्या नावापर्यंत आले. सर तेव्हा मैदानाच्या पार टोकाला, शिट्टी तोंडात धरून पळत होते.

"बोलव," अण्णा म्हणाले.

"अण्णा, ते रेफरी आहेत. मॅच चालू आहे."

"चालू असताना करायचं असा रूल हाय म्हणलीस की."

मी नाव पुकारलं. तिन्ही भाषांमध्ये. सर जागच्या जागी थांबले, बॉलकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. एवढ्या रविवारांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना बोलावत होतं. ते पळतच आले. शिट्टी गळ्यात होती, आणि शिट्टी मारल्याशिवाय खेळ थांबत नाही हे त्यांनीच मुलांना शिकवलेलं. खेळ चालूच राहिला.

आमच्याकडे लग्नात फेटे पप्पा बांधतात. वरातीतले सगळे फेटे ते एकटे उरकतात, बोलता बोलता, नवरदेवाचा तर बोटाच्या टोकांवर. त्यांनी सरांना खुर्चीवर बसवलं. "हालू नका सर. मान हालली की बिघडतंय." आणि बांधायला सुरुवात केली.

मी मैदानाकडे बघत होते. बॉल एकदा बहिणीच्या जवळून गेला. दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा तिनं पाय घातला आणि पडली.

"झालं का ओ?" अण्णा म्हणाले.

पप्पांनी फेट्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "न्हाई. डावीकडं कललाय." आणि सगळा फेटा उलगडून काढला. परत पहिल्यापासून. पीळ घातला, तोंडानं "च्च" केलं, परत काढला. पप्पांच्या हातून फेटा कललेला मी जन्मात बघितला नव्हता. ते माझ्याकडे बघत नव्हते, मैदानाकडेही नाही. फक्त फेट्याकडे.

मग मला समजलं. फेटा किती लांब आहे, यावर आजचा हाफ किती लांब ते ठरणार होतं.

तिसऱ्या वेळी फेटा बसला. त्याहून जास्त वेळ काढता आला नसता, अण्णांची चुळबुळ सुरू झाली होती. सर उठले, फेटा चाचपला, शिट्टीकडे हात नेला. अंधार पडायला लागला होता, आणि अंधार दिसला की खेळ थांबवायचाच, एवढे ते प्रामाणिक होते.

"आता," मी माईकवर म्हणाले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला, "सरांनी आपलं मनोगत व्यक्त करावं, अशी मी विनंती करते."

सरांचा हात थांबला. "मी? न्हाई, मला न्हाई जमत, मॅडम."

मला आजवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. "दोन शब्द, सर."

त्यांनी माईक घेतला. सुरुवातीला नुसतं खाकरले. मग म्हणाले की त्यांचा उजवा गुडघा दुखतो. मग तो कधीपासून दुखतो ते सांगितलं. मग हैदराबादच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, आणि मुलगा फोनवर काय म्हणतो, आणि तरी आपण कसे आलो. लोक शांतपणे ऐकत होते, कारण एरवी ते फक्त शिट्टी वाजवायचे आणि त्यांचा आवाज असा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. ते थांबायला लागले की मी म्हणायची, "आणि सर, पहिल्या सामन्याबद्दल?" ते पुन्हा सुरू व्हायचे. त्यानंतर मी अण्णांना सरांबद्दल बोलायची विनंती केली. अण्णांना विनंती करावी लागत नाही, पण मी केली. मग चिटगुप्प्याच्या ड्रायव्हरला. ड्रायव्हर म्हणाला, "मी काय बोलू? मला परत जायचंय." तरी बोलला, रस्त्याबद्दल.

मैदानावर आता मुलं दिसत नव्हती, जर्सीही नाही. फक्त बॉलचा धप्प आवाज आणि हाका. आणि त्या हाकांमध्ये एक ओळखीची, "इकडं! मला दे! इकडं!" घरी ती पाणीसुद्धा मागून घेत नाही.

शेवटी सरांनी खरोखरच शिट्टी मारली. फेट्याचा शेमला शिट्टीच्या दोरीत अडकला होता, त्यामुळे अर्धीच वाजली. मुलं एकेक करून अंधारातून आली. दोन्ही टीम म्हणत होत्या की आम्ही जिंकलो. कुणी चार गोल सांगत होतं, कुणी सात. सर गंभीरपणे म्हणाले, "मी बघितलेलं न्हाई. मला धरता येत न्हाई." आणि पहिल्या हाफचा स्कोअर तोच शेवटचा स्कोअर झाला. चिटगुप्प्याची मुलं ओरडत क्रूझरमध्ये चढली.

बहीण सगळ्यात शेवटी आली. दोन्ही गुडघ्यांवर पप्पांची पांढरी रेषा उमटलेली, एक बूट हातात. घामानं भिजून कुडकुडत होती. फेट्याच्या गडबडीत पप्पांच्या अंगावरची शाल काढून घ्यायची राहिली होती, ती त्यांनी तिच्या अंगावर टाकली, चहाच्या डागाची. लगेच काकू मागून घ्यायला आल्या. पप्पांनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. काकू पिशवी घेऊन तशाच परत गेल्या.

"बॉल लागला का पायाला?" मी विचारलं. माझा घसा पूर्ण बसला होता.

"लई वेळा," ती म्हणाली. मग स्कूटरवर माझ्या मागे, शालीत गुंडाळून बसत म्हणाली, "किती बोललीस ग तू आज."