गजावरची लाल पट्टी

गेनूभाऊ गेल्याचं मला दुकानात ताडपत्री घ्यायला आलेल्या माणसाकडून कळलं. आंदर मावळातला, त्यांच्याच गावचा. मी सवयीने विचारलं, "केवढी देऊ?" तो म्हणाला, "मोटीच द्या. हवालदारांचा जलदान विधी हाय रविवारी, मांडवावर टाकायचीय." वीस-बावीस वर्षांची दोस्ती, आणि त्यांच्या घरून मला फोन आला नाही. येणार तरी कसा... शेवटचे आठ महिने ते माझ्याशी बोलत नव्हते, आणि त्याला कारण मीच होतो. आज सहा आठवडे झाले, तरी ते मनातून जात नाही.

लोणावळ्याच्या बाजारात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गेनूभाऊ फौजेत बंदुका दुरुस्त करायच्या कामावर होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मग मळवलीकडच्या बंगल्यांवर स्वतःची परवान्याची रायफल घेऊन पहारा करू लागले. आमची पहिली भेट भांडणानेच झाली. निवडणुकीमुळे सगळ्यांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा झाली होती. त्यांची रायफल परत मिळाली तेव्हा आमच्या ओल्या हवेनं नळीत गंज धरला होता. "नळी साफ कराया गज पायजे," म्हणाले. मी लोखंडाची बारीक सळई पुढे केली. "हिला चिंधी बांधा, झालं काम." त्यांनी सळईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शेठ, ही नळी हाय, गटार न्हाई."

त्या दिवशी त्यांनी मला उभ्या उभ्या शिकवलं. गज अखंड हवा. तीन तुकडे पेचाने जोडलेला असला की सांधे नळीच्या आतल्या खाचा खरवडतात. धातू नळीपेक्षा मऊ हवा. जाडी अशी की आत मोकळा फिरेल, पण इतका बारीकही नको की वाकून कडेला घासेल. आणि मूठ फिरती हवी, कारण आतल्या खाचा पिळाच्या असतात, गजानं त्यांच्याबरोबर वळलं पाहिजे. मी पुण्याहून पितळी गज मागवला, ओळखीच्या लेथवाल्याकडून मुठीत बेअरिंग बसवून घेतलं. दोनदा त्यांनी तो परत पाठवला. मी वैतागून म्हणालो, "हवालदार, बायको पसंत करतानासुद्धा एवढं पाहिलं नसेल." ते गज डोळ्यासमोर धरून वाक आहे का बघत होते. "तिनंच मला पायलं व्हतं," म्हणाले. त्यानंतर दोस्ती जमली ती जमलीच.

दुकान बंद असेल त्या दिवशी मी त्यांच्या गावी जायचो. एसटी सोडली की पुढे तासभर चाल. ओसरीवर सतरंजी अंथरून त्यांचं काम चाललेलं असायचं. आधी काडतुसांचा डबा सुलावहिनींकडे, आत स्वयंपाकघरात. मग बोल्ट, नळीला मागून बंद करणारा दांडा, काढून टॉवेलवर. मग नळी उजेडाकडे धरून आरपार बघायचं, आणि तेवढ्यानं भागत नसे, करंगळी घालून चाचपायचं. गज नेहमी मागून घालायचा. चिंधी पुढे बाहेर पडली की काढून टाकायची, गज पुसायचा, मगच दुसरी खेप. समोर कुणी उभं राहायचं नाही. कोंबडी आली तरी थांबायचे. मी एकदा म्हणालो, पुढून घातला तर काय आभाळ कोसळतंय? "तोंड घासतं. नळीचं तोंड घासलं का गोळी खोटं बोलाया लागती," असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर चापट मारली होती.

गेल्या वर्षी मात्र त्यांच्यात फरक दिसायला लागला. एकदा चहा पिऊन झाल्यावर विचारलं, "शेठ, चहा घेनार ना?" एकदा दुकानात येऊन कशाला आलो तेच आठवेना, बराच वेळ कुलपांच्या काउंटरशी उभे राहिले. शेवटी लाल रंगाची चिकटपट्टी मागितली, वायरीला गुंडाळतात ती. मी थट्टा केली, "आता या वयात वायरिंगची कामं घेता काय?" ते हसले नाहीत. "लागती," म्हणाले आणि पट्टी खिशात टाकून गेले.

त्यानंतर महिन्याभराने मी गावी गेलो. वहिनी शेतात होत्या. ओसरीवर गेनूभाऊ एकटेच. रायफल उभी, बोल्ट जागेवरच, काडतुसांचा डबा शेजारी बाजेवर, आणि ते पुढून, नळीच्या तोंडातून गज आत सोडत होते. तळहात नळीच्या तोंडावरच. ज्या माणसानं मला आयुष्यभर नको नको म्हणून सांगितलं, तो हे करतोय... मी एक शब्द बोललो नाही. खोटं कशाला सांगू, भीती वाटली. त्यांनी गज बाहेर काढेपर्यंत अंगणातच थांबलो, त्यांनी केलेला चहा प्यायलो, इकडचं तिकडचं बोललो, आणि परतताना त्यांच्या मुलाला, मिलिंदला, फोन केला. तो चाकणला कंपनीत आहे. त्या आठवड्यात रायफल ठाण्यात जमा झाली, ती कायमची.

गेनूभाऊ एकदाच दुकानात आले. पायरी चढले नाहीत. खालूनच म्हणाले, "शेठ, तुमी मला इचारायचं व्हतं." मी काहीतरी सांगायला लागलो, तुमच्या भल्यासाठीच वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. "इचारलं असतं तर सांगितलं असतं," एवढं बोलून ते स्टँडच्या दिशेनं गेले. त्यानंतर मी दोनदा गावी गेलो, दोन्ही वेळा ते मागच्या दारानं निघून गेले.

विधीच्या रविवारी मी गेलो. ताडपत्री माझ्याच दुकानची. मिलिंदनं हात जोडले, बसायला जागा दिली. सगळे पांगल्यावर वहिनींनी आतून गज आणला. रायफल ठाण्यात आहे, पण गजाला परवाना लागत नाही, तो घरातच राहिला होता. मुठीपासून थोडं खाली लाल पट्टीचा वेढा होता. मी विचारलं, हे काय?

"त्यांना सोताला कळाय लागलं व्हतं, इसर पडतोय म्हून," वहिनी म्हणाल्या. "नळी पायली का न्हाई, त्येच ध्यानात ऱ्हायचं न्हाई. म्हून गजावर निशानी केली. बोल्ट लावून गज फुडनं सोडला, आन् पट्टी तोंडाला टेकली, तर नळी रिकामी. भाईर ऱ्हायली, तर आत काडतूस हाय, गज त्येला आडला. आदी ह्ये बगायचं, मगच पुसाया घ्यायचं. कुनाला सांगू नको म्हनलं व्हतं. लाज वाटायची."

भरलेल्या बंदुकीच्या तोंडाशी हात नेऊन ती भरलेली आहे का बघायचं, हा उपाय धोक्याचाच होता. काडतुसांचा डबाही त्या दिवशी बाहेर होता. रायफल गेली ते बरंच झालं, हे मी आजही म्हणतो. पण हा माणूस आपली बुद्धी निसटतेय हे ओळखून एकटाच तिच्याशी झुंजत होता, त्यासाठी पट्टी माझ्याच दुकानातून घेऊन गेला होता, आणि मी वायरिंगची थट्टा केली. ओसरीवर तोंड उघडून "हवालदार, हे काय चाललंय?" एवढं विचारलं असतं, तर दोघांनी मिळून रायफल ठाण्यात नेली असती. त्यांच्या पायांनी. तेवढं विचारलं नाही, याची मला शरम वाटते.

गज वहिनींनी मला दिला. गल्ल्यामागे खिळ्याला सरळ टांगलाय, टेकवून ठेवला तर वाकतो म्हणून. आणि दुकानात कुणी चिकटपट्टी मागितली की हल्ली माझ्या तोंडून निघतंच, "कशाला हवीय?" परवा एक म्हातारे गृहस्थ चिडले. "तुम्हाला काय करायचंय हो, शेठ?" मी पट्टी त्यांच्या हातात दिली, स्टूल पुढे ओढलं आणि पुन्हा विचारलं.