उरलेले एकोणचाळीस मान्यवर

आगाशीच्या दिवाकर राऊतांचा आवाज असा की, एसटी स्टँडवर ते "गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे" म्हणाले, तरी लोकांना वाटायचं कुणाला तरी पुरस्कार जाहीर झाला. एकतीस वर्षं त्यांनी वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. निवृत्त झाल्यावर महिनाभर त्याच आवाजात ते बायकोकडे, सुभद्राताईंकडे, चहा मागत राहिले. त्या कंटाळल्या. सुदैवाने पुतण्याच्या हळदीला माईकवाला आला नाही, दिवाकरभाऊंनी माईक हातात घेतला, आणि घरात शांतता झाली.

तेव्हापासून आगाशी ते नायगाव, लग्न कुणाचंही असो, निवेदक दिवाकरभाऊच. त्यांचं काम लग्नाबद्दल बोलायचं नव्हतंच. लग्नाला कोण कोण आलंय ते सांगायचं होतं.

पूर्वी इकडे माणसाची पत त्याच्या केळीच्या घडावरून कळायची. आता निम्म्या वाड्यांवर इमारती उभ्या राहिल्या आणि पत दाखवायला नव्या जागा शोधाव्या लागल्या. पण बंगला रस्त्याने जाणाऱ्यालाच दिसतो. गळ्यातली साखळी फार तर तिसऱ्या रांगेपर्यंत चमकते. मोठी गाडी मांडवाबाहेर चिखलात उभी राहते. माईकवर घेतलेलं नाव मात्र थेट मागच्या आइस्क्रीमच्या काउंटरपर्यंत पोचतं, आणि तिथे वाटी घेऊन उभ्या असलेल्या वैऱ्यालाही ते ऐकावं लागतं.

विशेषणांची अख्खी कोठी दिवाकरभाऊंकडे होती. एक जेसीबी असेल तो 'उद्योजक', दोन असतील तो 'उद्योगपती'. निवडणुकीत पडलेला 'भावी नगरसेवक'. काहीच न करणारा 'समाजसेवक'. सगळ्या भावकीशी भांडलेला 'परखड व्यक्तिमत्त्व'. लोक कडेने येऊन हातात चिठ्ठी सरकवायचे, आणि तेवढ्यापुरते भलेभले त्यांच्यापुढे वाकायचे. त्या वाकण्याची भाऊंना चटक लागली होती, हे खोटं नाही.

परवाच्या वैशाखात भाऊंचा मित्र श्रीरंग याच्या मुलीचं लग्न निघालं. श्रीरंगने दोन वाड्या नायगावच्या बिल्डर अल्पेशभाईंना इमारतींसाठी दिल्या होत्या आणि उरलेल्या तिसरीत मांडव घातला होता. लग्नाच्या चार दिवस आधी तो यादी घेऊन आला. ऐंशी नावं.

"श्रीरंग, मुहूर्त सहा सदतीसचा. ऐंशी नावं म्हणजे..."

"तू पावणेसहाला सुरू कर ना. अल्पेशभाई पहिले. आणि कृष्णाकाकांना मध्ये कुठेतरी टाक."

कृष्णाकाका म्हणजे बागायतदार मंडळाचे वीस वर्षांचे अध्यक्ष. आजवर पहिलं नाव त्यांचंच असायचं. भाऊंनी विचारलं, "मध्ये म्हणजे कितवे?"

"चाळिसाच्या पुढे. वाडी विकली तेव्हा मंडळात मला नावं ठेवली त्यांनी. जरा कळू दे."

कृष्णाकाकांना बेचाळिसावा नंबर मिळाला.

लग्नाच्या दिवशी पावणेसहाला पहिल्या रांगेतले सोफे रिकामेच होते. मान्यवर वेळेवर आला तर तो मान्यवर कसला? सव्वासहाला गाड्या यायला लागल्या आणि भाऊंनी आवाज लावला. "नायगाव नगरीचे शिल्पकार, दानशूर उद्योगपती, सन्माननीय अल्पेशभाई!" अल्पेशभाई उठले, चहूकडे हात जोडले, शाल घेतली, फोटोसाठी ती दोनदा घेतली, बसले. मग दुसरे. मग तिसरे. प्रत्येकाची शाल, प्रत्येकाचा नारळ, प्रत्येकाचा फोटो.

सहा सदतीस झाले तेव्हा गाडी विसाव्या नावावर होती. गुरुजींनी घड्याळाकडे बोट दाखवलं. भाऊंनी श्रीरंगकडे पाहिलं. श्रीरंगने हाताने खूण केली, चालू दे. गुरुजी पंचांगात पुन्हा डोकं घालून म्हणाले, "सात चारपर्यंत चालवून घेतो. त्यापुढे माझ्याच्याने नाही." स्टेजवर नवरी उन्नती आणि अंतरपाटापलीकडे नवरा, दोघं हार धरून उभे. हारातला मोगरा मान टाकायला लागला. पंखे स्टेजकडे नव्हतेच, ते सोफ्यांकडे वळवलेले होते.

एक्केचाळिसावं नाव झालं, सात वाजायला पाच मिनिटं. भाऊ श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात उन्नती बाजूला वाकून हळूच म्हणाली, "दिवाकरकाका, लग्न कुणाचं आहे ते पण सांगून टाका एकदा."

ती हळूच बोलली, पण माईक चालू होता. सगळ्या मांडवाने ऐकलं. मागच्या बायका खुदखुदल्या.

भाऊ चपापले. खरंच की! पाऊण तास आपण बोलतोय आणि नवरा-नवरीचं नाव एकदाही घेतलं नाही. त्यांनी घाईघाईने चिठ्ठ्या चाळल्या. सोळा चिठ्ठ्या, एक लांबलचक यादी, पण नवऱ्याचं नाव कशावरच नव्हतं. ते कुणी दिलंच नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. पत्रिका घरी, फ्रीजवर. पण एकतीस वर्षांची सवय अशी की माईक हातात असताना गप्प बसायचं नाही. डोळे यादीच्या डोक्यावर गेले आणि तोंडातून निघून गेलं:

"चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी उन्नती आणि चिरंजीव अल्पेश यांच्या या मंगलप्रसंगी..."

पहिल्या रांगेतले अल्पेशभाई, वय वर्षं चोपन्न, नाव कानावर पडताच सवयीने उठले आणि चहूकडे हात जोडले.

मग शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, हेमांगीबेननी, त्यांच्या सफारीचं टोक धरून खाली ओढलं. "बेसो हवे, बसा आता!" आणि मांडव फुटला. आचारी झारे घेऊन बाहेर आले. नवरासुद्धा अंतरपाटामागे वाकून हसत होता. त्याची मावशी मात्र चवताळून उठली. "आमच्या मुलाचं नाव वेदांत आहे! वेदांत! लिहून घ्या!"

गुरुजींनी भाऊंच्या हातून माईक काढून घेतला आणि मंगलाष्टकांना सुरुवात केली. सात चारला अक्षता पडल्या. लग्न लागलं. त्या संध्याकाळी वेळेत झालेलं तेवढं एकच काम.

भाऊ मागच्या वाटेने, न जेवता घरी आले. कुणीतरी मोबाइलवर घेतलेली ती चित्रफीत त्यांच्या आधी घरी पोचली होती.

"उभे कसे राहिले हो ते!" सुभद्राताई डोळे पुसत होत्या.

"संपलो मी," भाऊ म्हणाले. "आता कोण बोलावणार मला!"

सकाळी सातपासून फोन सुरू झाले. पहिला कृष्णाकाकांचा. भाऊ माफीची तयारी करूनच बोलले, "काका, चुकलंच. नवऱ्याचं नाव असं..."

"नवऱ्याचं राहू दे. माझं नाव कितवं होतं?"

"बेचाळिसावं."

"आणि थांबलास कुठे?"

"एक्केचाळीसवर."

"एक नाव आणखी घेतलं असतंस तर जीभ झडली असती?"

दिवसभर तेच. न वाचलेल्या एकोणचाळीस जणांपैकी तेहतीस जणांनी फोन केले. चुकीच्या माणसाशी लग्न लावल्याबद्दल एकानेही तक्रार केली नाही. अल्पेशभाई तर खूश होते. वसईपासून विरारपर्यंत ते ज्याच्या त्याच्या मोबाइलवर उठून हात जोडत होते, एवढी प्रसिद्धी त्यांना चार टॉवर बांधून मिळाली नव्हती. रडकुंडीला आला होता तो श्रीरंग. "अरे, अर्धा गाव माझ्याशी बोलत नाही. रविवारी सत्यनारायण ठेवलाय. उरलेली नावं तिथे वाच, नाहीतर मला गाव सोडावं लागेल."

रविवारी श्रीरंगच्या ओटीवर एकोणचाळीसच्या एकोणचाळीस मान्यवर हजर होते. वेळेच्या आधी! उन्नती आणि वेदांत पूजेला बसले होते, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. भाऊंनी माईक लावला. बारा फुटांची ओटी, समोरच बसलेली माणसं, तरी माईक हवाच होता, नाहीतर नाव घेतल्यासारखं वाटत नाही. एकेक नाव झालं की बाकीचे अडतीस टाळ्या वाजवत आणि आपल्या पाळीची वाट बघत. कृष्णाकाका या वेळी पहिले आले. शाल घेताना त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. खऱ्या अर्थाने ऐकणारं तिथे कुणीच नव्हतं, कारण जो तो स्वतःचंच नाव ऐकायला आला होता.

प्रसाद घेताना उन्नतीने विचारलं, "काका, या सगळ्यांना एवढं काय मिळतं हो यात?"

भाऊंच्या मनात दुसरंच चाललं होतं. एवढ्या वर्षांत हजारो नावं घेतली, पण माईकवर आपलं नाव घेणारं कोणी निघालं नाही.

त्याची सोय त्यांनी स्वतःच केली. पुढच्या महिन्यात तुळिंजच्या छापखान्यातून त्यांनी सोनेरी अक्षरांचं कार्ड छापून आणलं: 'निवेदनसम्राट दिवाकर राऊत'. आता लग्न ठरवायला आलेल्यांना ते आधीच बजावतात की सुरुवातीला गुरुजींनी माईकवरून आपली ओळख करून द्यायची, पूर्ण विशेषणासकट. लोक कबूल होतात. गुरुजी वैतागतात, पण वाचतात.

सुभद्राताईंनी ते कार्ड चष्मा लावून दोनदा वाचलं. मग गव्हाचा डबा त्यांच्यासमोर ठेवला.

"सम्राट, गिरणी एकला बंद होते."

भाऊ डबा घेऊन निघाले. कार्ड खिशात होतंच.