नानांचा बिनवायरचा फोन

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या मेहरूणच्या गल्लीत पहिला बिनवायरचा फोन आला. शेजारच्या निवृत्त इंजिनियरांनी तो मुंबईहून आणवला होता. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणे. नाना तो कानाला लावून गच्चीवर फेऱ्या मारत आणि खाली उभ्या असलेल्यांना समजावत, ‘‘चोरून ऐकणारे वायरीला वायर जोडतात. इथं वायरच नाही. ऐकणार कुठून?’’ इतक्या शिकलेल्या माणसाचा तर्क खोडायची गल्लीत कुणाची छाती नव्हती.

आमच्या ट्रान्झिस्टरची होती. मिडियम वेव्हचा काटा अगदी टोकाला नेला की नाना स्वच्छ लागत, पलीकडून बोलणारा माणूसही लागे. भाजी निवडताना आईला हे अपघाताने कळलं. मग असे अपघात रोज होऊ लागले. नाना बहुतेक स्वतःच्या रक्तदाबाबद्दल आणि सरकारच्या अकलेबद्दल बोलत, त्यामुळे आपण काही चोरतोय असं वाटत नसे.

आखाजीला चार दिवस असताना धुळ्याहून त्यांच्या एकुलत्या लेकीचा फोन आला. लग्नानंतरची तिची ही पहिली आखाजी. या सणाला आमच्याकडे लेक माहेरी येते, पण आपली आपण नाही. माहेरचं कुणीतरी मुराळी होऊन तिला आणायला जातं. नानांनी गाडी आणि ड्रायव्हर पाठवायचं ठरवलं होतं.

‘‘गाडी नको, नाना. तुम्ही या. सासूबाई म्हणतात, ड्रायव्हरबरोबर धाडायला सून म्हणजे पार्सल आहे का?’’

‘‘साखरपुड्याला त्यांनी मला तासभर ओट्यावर बसवून ठेवलं. त्या दारात मी पुन्हा जाणार नाही.’’

‘‘मग मी इथंच राहते.’’

त्यानंतर नुसती खरखर.

आईने रेडिओ बंद केला, पदराला हात पुसले आणि तडक नानांकडे गेली. मीही मागोमाग गेलो.

‘‘नाना, मुराळी म्हणून धुळ्याला मी जाऊ का?’’

‘‘तुम्हाला कुणी सांगितलं?’’

‘‘तुम्हीच. आमच्या रेडिओवर.’’

‘‘शक्य नाही. याला वायर नाही.’’

‘‘नसेल. पण लेक गप्प झाली, तेही ऐकू आलं.’’

नानांनी हातातला फोन उलटासुलटा करून पाहिला. मग हळूच विचारलं, ‘‘रेडिओ आणखी कुणाकडे आहे?’’

‘‘बठ्ठी गल्लीमा शे, नाना. घरोघरी.’’

व्याह्यांच्या दारात जाण्यापेक्षा, गल्लीला ठाऊक असताना न जाणं अधिक नामुष्कीचं, हे इंजिनियराला ताबडतोब उमगलं असावं. ‘‘मी जाणारच होतो,’’ ते म्हणाले. आईनेही ते मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट चढवून ते स्वतः गाडीत बसले. संध्याकाळी गाडी परतली तेव्हा आधी लेक उतरली. तिच्यामागे नाना, तिची ट्रंक दोन्ही हातांनी पोटाशी धरून. ड्रायव्हर हात पुढे करून तसाच उभा होता. त्याला ते म्हणाले, ‘‘सरक.’’