मांगवाड्यात दवंडी नव्हती

तहसिलीसमोर सतरंजी अंथरली होती. साहेबाला खुर्ची, व्यापाऱ्यांना बाक, कुणब्यांना सतरंजी. सतरंजी संपली की जोडे. जोडे संपले की मी. गळ्यात हलगी होती, कारण सभा उठेपर्यंत दवंडीवाल्यानं हजर राहायचं अशी रीत होती.

सगळ्यांची मतं घेऊन झाली तसा मी हात वर केला. पेशकारानं, म्हणजे साहेबाच्या कारकुनानं, मान वर न करताच काय पाहिजे म्हणून विचारलं. मी म्हणालो, "मालक, मांगवाड्याचं बी ऐका."

त्यानं कागद चाळला. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"कसला मांगवाडा? कागदावर नाल्यापलीकडं वस्तीच नाही. नसलेल्या माणसाचं मत कुठं लिहू?"

सतरंजी हसली. बाकं हसली. साहेबाला हसण्याचं कारण कळलं नव्हतं, तरी तोही हसला. मी हात खाली कधी घेतला ते मला आठवत नाही.

आमचं गाव उमरी आणि धर्माबादच्या मधलं, बाजाराचं. राज्य निजामाचं, आगगाडीही निजामाची. गाडी आल्यापासून कापूस वाढला, व्यापारी वाढले आणि जुना बाजार त्यांना अपुरा पडू लागला. म्हणून नाल्यापलीकडं नवा गंज, म्हणजे नवी बाजारपेठ, बसवायचं ठरलं. खाली दुकानं, वर दुकानदारांची घरं, मागं धान्याची कोठारं. ज्या जागेवर हे सगळं होणार होतं तिथं आमची पंचवीस-तीस घरं होती. माझ्या बापाची, त्याच्या बापाची, सगळ्यांची नाळ पुरलेली त्याच मातीत.

त्या सभेत गावानं काय काय मागितलं ते मी उभ्या उभ्या ऐकलं. कापडवाल्या शेठजींना दुकानावर राहायचं होतं, पण घरच्या बायकांसाठी जिना मागून हवा होता. मास्तरांना शाळेजवळ गलका नको होता. पाटलांनी सांगितलं की लांबून गाड्या येतात, बैल तहानलेले असतात, तर हौद पाहिजे. पेशकारानं हौद लिहून घेतला. बैलांचं म्हणणं पाटलांच्या तोंडून कागदावर चढलं. आमचं म्हणणं सांगायला मी जिवंत उभा होतो आणि ते चढलं नाही.

आता खरं सांगतो. वस्ती कागदावरून पेशकारानं पुसली नव्हती. मी पुसली होती.

सभेच्या आठ दिवस आधी मला हुकूम झाला. नव्या गंजाबद्दल ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं यावं, अशी दवंडी दे. मी हलगी शेकली, कातडं ताणलं आणि निघालो. पेठेत दिली, पाटील गल्लीत दिली, कोष्ट्यांत, तेल्यांत, स्टेशनाजवळ दिली. मांगवाड्यात दिली नाही. मांगवाड्यात दवंडी कधी देतच नसत. हलगी तिथंच शेकायची, माणूस तिथूनच निघायचा, आपल्याच दारात काय ओरडायचं? शिवाय आजवरची कुठली दवंडी आमच्या कामाची होती? बापानं दिली नाही, मीही दिली नाही. अक्कल म्हणून काही वापरायची असते, हे त्या दिवशी डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी पेशकारानं कागद पुढं केला. दवंडी कुठं कुठं दिली, विचारलं. मी गल्ल्या सांगितल्या, त्यानं लिहिल्या. कागद उर्दूत होता. मराठीत असता तरी मला सारखाच. खाली त्यानं काय लिहिलं ते मला सभेत कळलं: गावात जिथं जिथं वस्ती आहे तिथं तिथं दवंडी दिली. म्हणजे जिथं दिली नाही तिथं वस्तीच नाही. त्याखाली माझा अंगठा.

म्हणून सभेत वस्ती आहे असं सांगायला मी परत तोंड उघडलं तेव्हा साहेबानं एवढंच विचारलं, "अंगूठा किसका है?"

मी म्हणालो, "माझाच हाय, सरकार."

झालं. पेशकारानं कागद बांधला.

घरी आलो आणि आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. गंजाची गोष्ट वाड्यात सगळ्यांना ठाऊक होती. पण दवंडी आपल्यासाठी नाही म्हणून कुणी सभेला आलं नव्हतं. भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "सगळ्या गावाला हाक दिलीस, लेका. आमालाच दिली न्हाईस. दिली असतीस तर आलो असतो की समदे."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्या भाकरीकडे बघवेना.

पंधरा दिवसांनी पेशकारानं बोलावलं. अमावास्येच्या आत नाल्यापलीकडची जागा मोकळी करायची, दवंडी दे, म्हणाला. मी हलगी उचलली. पायरी उतरत होतो तेवढ्यात त्यानं मागून सांगितलं, "आणि हे बघ, या खेपेला तुमच्या वाड्यात पण दे."

मी थांबलो. पिढ्यान् पिढ्या आमच्या दारात दवंडी आली नव्हती. पहिली येणार ती उठा म्हणून. आणि देणार कोण, तर मी.

मी पायऱ्या परत चढलो.

"मालक, कागदावर तिथं वस्ती न्हाई. नसलेल्या वस्तीत दवंडी कशी देऊ?"

या वेळी कोणी हसलं नाही. शिपायानं कानाखाली दिली. मला दिवसभर उन्हात उकिडवा बसवला, हलगी काढून घेतली आणि शेजारच्या गावाहून दुसरा दवंडीवाला आणला. तोही आमच्यातलाच. तो वाड्यात आला, खाली मान घालून वाजवलं आणि पाणीही न पिता गेला.

अमावास्येच्या आत घरं पडली. आई स्वतःच्या हातानं चुलीचे दगड काढून घेऊन निघाली. आम्ही रुळाच्या कडेला, खोलगट जागेत येऊन बसलो. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं. गंज उभा राहिला. मागचा जिना आहे, बैलांचा हौद आहे. मी नाही म्हटल्यानं एक वीटही हलली नाही. पोटाचं साधन गेलं ते वेगळं.

परवा पेशकाराचा माणूस आला होता. गंज वाढवायचाय, रुळाच्या कडेची जागा बघून राहिले, म्हणाला. हलगी परत देतो, कामावर ये. सोबत एक कागद होता आणि शाईची डबी.

मी मूठ वळली. अंगठा आत घेतला.

"आमाला उठवायचं तर साहेबाला येऊ दे. दारोदार हिंडून त्यानं आपल्या तोंडानं सांगावं. माझं तोंड मिळणार न्हाई."

तो गेला, पण दुसऱ्या कुणाचा अंगठा घ्यायला परत येईल हे मला माहीत आहे. म्हणून संध्याकाळी मी पत्र्याचा डबा आणि काठी घेतली आणि आमच्याच झोपड्यांमधून, दारादारापुढं थांबत, माझ्या आयुष्यातली पहिली दवंडी माझ्या माणसांना दिली: कागद आलाय, कुणीही अंगठा द्यायचा नाही.