सावलीतल्या चपला

आमच्या चर्चमध्ये एक गृहस्थ नेहमी शेवटच्या बाकावर बसतात. पुढं या म्हटलं, की छातीवर हात ठेवून म्हणतात, "आपली जागा हितंच हाय, साहेब." नम्र माणूस मला आवडतो, पण दर रविवारी नव्यानं नम्र होणारा माणूस पाहिला, की माझ्या मनात पाल चुकचुकते.

कर्जतचं ऊन चढलं, की पायऱ्यांवर काढलेल्या चपला तव्यासारख्या तापतात. म्हणून शेवटचं गीत सुरू झालं, की ते हळूच उठतात आणि सगळ्यांच्या चपला कडुलिंबाच्या सावलीत नेऊन ठेवतात. स्वतःच्या मात्र उन्हातच. मंडळी गहिवरते.

परवाच्या रविवारी सूचना चालू असताना मीच बाहेर गेलो आणि त्यांच्या चपला आधी सावलीत ठेवून आलो. मग खिडकीजवळ उभा राहिलो. गीत सुरू झालं, तसे ते बाहेर आले. एकेक जोड दोन्ही हातांनी उचलून नेला, माझासुद्धा. तिथं स्वतःचा जोड दिसला आणि थबकले. इकडंतिकडं पाहिलं. मग तो उचलून परत तापलेल्या पायरीवर आणून ठेवला.

मंडळी बाहेर आल्यावर त्यांनी चपलेत पाय घातला. "प्रभू!" म्हणाले, पाळकसाहेबांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात.

"अहो, तुमच्या पण ठेवत चला की सावलीत," पाळकसाहेब कळवळले.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. आमचं काय!"

मी सगळं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझे पाय चपलेत गेले. चपला गार होत्या.