शालीचा खिसा

ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मी परत सेक्टर सहाच्या क्वार्टरच्या अंगणात जाऊन बसते. थंडीतली दुपार होती. आई उन्हाकडे पाठ करून हिरवी शाल विणत होती. नमुना शेजारच्या मिश्रा आंटींचा, जाळीचा आणि झालरीचा. आईनं झालर काढून टाकली, जाळीच्या जागी घट्ट वीण घातली आणि आतल्या बाजूला एक छोटा खिसा विणायला घेतला.

"शॉल में जेब कौन लगाता है, दीदी?" आंटी हसल्या.

"मले लागते. नाही त मी चाबी कोठी ठेवू?" आई मराठीतच म्हणाली आणि क्वार्टरची चाबी विणीवर ठेवून तिनं खिशाचं माप घेतलं. मलाही हसू आलं. कंपनीचं क्वार्टर बाबांच्या रिटायरमेंटपर्यंतच आपलं, हे सगळ्यांना माहीत होतं. आईलाही असेलच, पण माप घेताना ती ते विसरली होती.

चाबी परत करून आम्ही स्मृति नगरला स्वतःच्या घरात आलो, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाबाही गेले. आज शाल आईच्या खांद्यावर घातली, तर तिचा हात आधी खिशात गेला आणि तिथंच चाचपडत राहिला. मला बघवेना, म्हणून मी या घराची चाबी हळूच आत सरकवली.

तिनं ती काढली, उलटीपालटी करून पाहिली आणि माझ्या हातात परत दिली.

"हे आपली नोहे," म्हणाली, आणि हात पुन्हा खिशात घातला.