थोरलीची बाजू

धाकटीला शहरातून बोलावणं आलं आणि घरात अबोला सुरू झाला. आदिवासी वस्तीवरच्या रंगवलेल्या भिंतींचे फोटो काढायला माणूस आला, तेव्हा थोरली जाऊ लाकडं आणायला रानात गेली होती. भिंत दोघींची, पण फोटोत सापडली एकटी धाकटी. लग्न होऊन आली तेव्हा हिला साधी चिमणी काढता येत नव्हती. काडी चावून तिचा कुंचला कसा करायचा, इथपासून सगळं थोरलीनं शिकवलेलं. आता तीच तोंड फुगवून बसली, आणि तिचं चुकलं असं तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

त्यांच्या वस्तीवर एकटी बाई भिंत रंगवत नाही. दोघी दोन टोकांनी निघतात आणि मध्ये, चित्रातल्या नाचणाऱ्या बायकांच्या रांगेत, हाताला हात जोडतात. डावी बाजू धाकटीची, उजवी थोरलीची.

शहरातल्या दालनात चित्रस्पर्धेच्या संयोजकानं भलंमोठं कापड ताणून दिलं. धाकटीनं डोंगर काढले, गुरं काढली, नाचणाऱ्या बायका काढल्या, मध्यापर्यंत आली आणि हात धुऊन मोकळी झाली. उरलेलं कधी करणार, असं संयोजकानं विचारलं. ती बाजू माझी नाही, असं तिनं सरळ सांगितलं. त्यानं त्यातून भलताच अर्थ काढला आणि कापड तसंच टांगलं. मग काय, बघणारे त्या कोऱ्या जागेवरच लट्टू. एकाला तिथं रानातली शांतता दिसली, एका बाईंचे तर डोळे भरून आले. पहिलं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. धाकटीला आधी हसू फुटलं, मग थोरली आठवली. थोरलीला वाटणार, हिनं मला पुसूनच टाकलं.

हे चित्र आता परदेशी पाठवू, संयोजक म्हणाला, फक्त त्या जागेला हात लावू नका, सगळी जादू तिथंच आहे. जादू गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणत तिनं कापड गुंडाळलं आणि घरची बस धरली.

ओसरीवर तिनं ते उलगडलं. थोरली ढुंकूनही बघणार नाही असं तिला वाटत होतं. पण ती आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. रांगेतली शेवटची बाई कोऱ्या कापडात हात पुढं करून थांबली होती.

"ही बिचारी कधीची ताटकळलीय," थोरली म्हणाली. "काडी दे इकडं."